हत्तीची पोथी

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या! कारण ही फजिती काही चार भिंतींच्या आत झालेली नाही. गोदेच्या घाटावर, भर सकाळी, लोकांसमक्ष झालेली आहे.

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक आहे, ‘गजूची आंघोळ’. गजू नावाचा हत्ती आंघोळीला घाबरून पळतो आणि सगळं रान त्याच्या मागे धावतं. एवढीच गोष्ट. पण चित्रं काय आहेत, महाराजा! केळीच्या एका पानाआड लपलेला गजू पाहून न हसणारं मूल मला अजून भेटायचं आहे. ते छापणारा छापखाना केव्हाच बंद पडला. दुसरी प्रत मी पुण्या-मुंबईत शोधून थकलो. आमची फाटली की गजू संपला!

म्हणूनच आमचे चिटणीस तात्यासाहेब मला म्हणाले, “कपाटात ठेवा ते, कुलपात. मुलांच्या हाती पुस्तक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!”

“मग काय वाळवीनं वाचायचं?” मी म्हणालो. माझं तोंड हे असं!

तात्यासाहेब तापले. “रविवारी मी स्वतः येतो. पुस्तकाचा मान राखलेला दिसला, तर तुमचं ते बालवाचन चालू. नाहीतर कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला!”

झालं! गजूच्या जन्मठेपेचा प्रश्न आला. वाचनालयात आवाज चालत नाही, म्हणून मी मुलांना घाटाच्या पायऱ्यांवर वाचून दाखवायचो. त्या रविवारी मी बंदोबस्त केला तो असा. पुस्तकाला ओल लागू नये म्हणून खाली पाट. धूळ बसू नये म्हणून आईच्या जुन्या लाल लुगड्याचं फडकं. मुलांनी नदीवर हात धुऊन, पुसून यायचं. आणि चित्रांना बोटं लावायची नाहीत, म्हणून सगळ्यांनी हात जोडून बसायचं! काय, आहे की नाही शिस्त?

मी फडकं सोडतोय, तोच चांदवडकडच्या पाच-सहा बायका नदीवर आंघोळ करून वर आल्या. सर्व्हिस मोटारीनं देवदर्शनाला आलेल्या. त्यातली एक पोक्त मावशी म्हणाली, “आमी बसू का वो जरा?”

“बसा की, मावशी! ज्ञान सगळ्यांसाठीच असतं.”

माझी छाती फुगली. आपण बोलावलं मुलांना आणि आले मोठे! लोकशिक्षण लोकशिक्षण म्हणतात ते हेच!

पहिलं पान उघडलं. गजू दिसताच बायकांत कुजबूज झाली. मला वाटलं, चित्रं आवडली. मी वाचायला लागलो. पानापानावर येतं, “गजू, गजू, आंघोळ कर!” मुलं ओरडायला लागली. बायका टाळ्यांचा ठेका धरून मागून म्हणायला लागल्या. येणारे-जाणारे थांबले, चपला काढून बसले. चपला का काढल्या, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, वा, काय सुसंस्कृत श्रोते!

गोष्ट संपली, मी पुस्तक पाटावर ठेवलं. मावशी उठल्या. त्यांनी कुंकवाची डबी उघडली आणि गजूच्या कपाळावर ठसठशीत बोट टेकवलं! वर नारळ!

“अहो, अहो! काय करता?”

“गणपतीच्या पोथीला कुकू नगं व्हय लावायला?”

आणि वरच्या पायरीवर कोण? तात्यासाहेब! मुलं हात जोडून, बायका हात जोडून, पाट, लाल फडकं! तात्यासाहेबांनीही चपला काढल्या. “शाबास! पुस्तकाचा एवढा मान मी उभ्या जन्मात पाहिला नाही.”

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. बाजी जिंकली होती हो! पण मी पडलो कॉलेजात शिकलेला. मला तत्त्व चावलं.

“हा मान नाही, तात्यासाहेब, हा अडाणीपणा आहे!” मी उभा राहून गरजलो. “मावशी, ही पोथी नाही. हा देव नाही. कागद आहे हा, निव्वळ कागद! कागदाला कधी कुणी नमस्कार करतं का?”

आवेशात एक पाऊल मागं घेतलं, आणि टाच लागली पुस्तकाला.

पुढचं मी केलं नाही, माझ्याकडून झालं. खाडकन वाकलो, पुस्तकाला हात लावला, तो कपाळाला टेकवला, डोळे मिटले आणि पुटपुटलो, “चुकलो, चुकलो!”

आणि मागून मावशींचा आवाज.

“कागदाला पाय लागला व्हय रं, लेकरा?”

हशा असा उसळला, म्हणता! तात्यासाहेब तर उपरण्यात तोंड खुपसून हलत होते. शेवटी डोळे पुसत म्हणाले, “चालू ठेवा तुमचं वाचन. पुस्तक योग्य माणसाच्या हाती आहे!”

त्या दिवसापासून पंचवटीतून चाललो की मागून ऐकू येतं, “ते बघ, हत्तीबुवा निघाले!” मी गर्रकन वळतो. चांगलं खडसावायचं असं ठरवतो. आणि तोंडातून निघतं, “काय मंडळी, रविवारी येताय ना?”