रिकाम्या चुलवणाचे फोटो

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. अमावास्येला गाडी काढू नको असं आई म्हणाली की मी मुद्दाम काढते. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर फिदीफिदी हसत आलेय, तेव्हा आता तुम्ही मला हसलात तर माझी काही तक्रार नाही. पण हे मनात ठेवून झोप लागेना, म्हणून लिहितेय.

मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र अनिकेत बारामतीत व्हिडिओ गेम बनवतो. कोडिंग त्याचं, थ्रीडी माझं. नवा गेम जग संपल्यानंतरचा... माणसं मोजकीच उरलीत, वीज नाही, रस्त्यांवर गवत. पण हे सगळं घडतं कुठं, यावरून आमची महिनाभर भांडणं चालली होती. त्याला कोसळलेल्या काचेच्या बिल्डिंगी हव्या होत्या. मी म्हटलं, "अरे बाबा, त्या जगानं पाहून झाल्यात. आपल्याकडचं काहीतरी दाखव ना!" उजनीच्या पाण्याकाठची पडकी घरं बघून झाली, माळेगावकडची जुनी गोदामं बघून झाली. शेवटी मला मामांचं बंद गुऱ्हाळ आठवलं. लासुर्णे, तालुका इंदापूर. अर्धे पत्रे उडालेले, उसाचा चरक गंजलेला, आणि मधोमध कढईखालच्या भट्टीचा खोल खड्डा. चुलवण म्हणतात त्याला. मोबाइलवर बघूनच अनिकेत म्हणाला, "हेच!"

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मामा घरी एकटेच होते. मामी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली.

"जग बुडाल्यावर गुऱ्हाळ उरणार व्हय गं?" मामा हसायला लागले. "मग गूळ खायाला कोन ऱ्हाणार?"

"तुम्हीच की. तुम्ही कशानं मरताय!"

"हां, हे बरं बोललीस."

आमचं काम असं असतं. जागेभोवती एकेक पाऊल सरकत, गोल फिरत शेकडो फोटो काढायचे. कॉम्प्युटर ते जुळवून त्या जागेचं थ्रीडी मॉडेल बनवतो. मधे जे हललं ते पुसलं जातं, जे जागच्या जागी राहिलं तेवढंच उरतं. म्हणून मामांना म्हटलं, तुम्ही लांब थांबा. चुलवणात राख होती आणि एक फुटका माठ. बाकी काही नाही. तळाचे फोटो काठीला कॅमेरा लावून घेतले. काम संपलं, चहा झाला. मामा आम्हाला सोडायला डांबरी रस्त्यापर्यंत आले, त्यांनी हात हलवला. हे मी गाडीवर मागं वळून स्वतः पाहिलंय.

बारामतीत पोचून कामाला लावलेलं मॉडेल दुपार कलताना तयार झालं. चुलवणात काहीतरी दिसत होतं. वाटलं, पोतं असेल. माउसनं मॉडेल फिरवलं.

माणूस होता. कुशीवर पडलेला, एक पाय नको तसा दुमडलेला, एका पायात चप्पल नाही. अंगात मामांचा निळा हाफ स्वेटर.

"मामा खड्ड्यात कधी उतरले?" अनिकेतनं विचारलं.

"उतरलेच नाहीत!"

एकूणएक फोटो उघडून बघितला. सगळ्यात राख आणि माठ. माणूस एकाही फोटोत नाही. अनिकेत म्हणाला, सॉफ्टवेअरनं कुठलं तरी जुनं मॉडेल मिसळलं असेल. मी भडकले. "आयुष्यात आपण माणूस स्कॅन केलाय का? आणि स्वेटर कुठून आणला त्यानं?"

मामांना फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. पुन्हा लावला... पुन्हा. मामीला सांगायचं तरी काय? अनिकेतनं गाडीची किल्ली उचलली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या पुढ्यातून हलेनात, आणि मी मागं बसून देवाचं नाव घेत होते. मी!

पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मामा चुलवणात पडलेले. तीच कूस, तोच पाय, एक चप्पल वर काठावर. श्वास चालू होता, ओठ सुकले होते. आरडाओरडा करून माणसं गोळा केली, मामांना बाजेवर घालून वर काढलं आणि बारामतीला दवाखान्यात आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तिथंच राहिले असते तर अवघड होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

पण मामा माझ्याशी बोलेनात. पाणी पुढं केलं तर तोंड फिरवलं. आधी वाटलं, दुखत असेल. मग न राहवून विचारलंच, "मामा, माझं काय चुकलं?"

"तुला न्हाय ठावं?" मामा म्हणाले. "तुमी गेल्यावर मी जेवलो. मग शेजारचं करडू चुलवणात उतरलं म्हनून हुसकाया गेलो, तर पाय सरकला. करडू गेलं उडी मारून, मी ऱ्हायलो. आन वर बगतो तर तुमी दोगं! गोल फिरताय, खटाखट फोटू काढताय. किती हाका मारल्या गं... तू माझ्याकडं बगत हुतीस आन फोटू काढत हुतीस."

"मामा, आम्ही तेव्हा बारामतीत होतो. आईशप्पथ!"

"मग मी खोटं बोलतूय व्हय? शेवटाला तू कडंला पालथी पडलीस. त्या पोरानं तुझं पाय धरलं. क्यामेऱ्याची काठी खाली घातलीस, पार माझ्या तोंडाम्होरं. मी दोन्ही हातांनी धरली. तर तू हिसडून घेतलीस."

सकाळी मी खरंच तशी पालथी पडले होते, पण तेव्हा मामा आत घरात चहा टाकत होते. त्यांनी ते पाहिलेलं नाही. आणि काठी... काठी खरंच अडकली होती. खाली राखेशिवाय काही नसताना एकदम जड झाली. मी अनिकेतवर खेकसले, "पाय नीट धर की!" आणि जोर लावून ओढून घेतली. त्या वेळचे दोन फोटो हलल्यामुळं धूसर आलेत. कितीही मोठे करून बघितले तरी त्यांत राखच दिसते.

अनिकेतनं ते मॉडेल पुसून टाकलं. गेमसाठी आम्ही दुसरी जागा घेतली. सॉफ्टवेअर असं करू शकतं का, हे ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालंय.

मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, भाचीमुळं वाचले. मामा तेव्हा दुसरीकडं बघतात. परवा भेटायला गेले होते. वॉकर धरून दारापर्यंत आले, बस म्हणाले, चहा दिला. वाटलं, विसरले असतील. मी निघताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, वजन लागलं हुतं न्हवं तुझ्या हाताला? मग वर का न्हाय वढलंस?"