सराट्याच्या बांगड्या

त्या दुपारी मी आणि माझी बायको चुलीपुढे बसून लोखंडी सराट्याच्या, म्हणजे उलथन्याच्या, दांड्यावर मेणबत्तीची रेघ ओढत होतो. दोघांचीही सत्तरी उलटलेली, आणि धंदे बघा.

काऊन ते सांगतो. भाजी परतताना सराट्याचा चटका बसतो, ही तिची जुनी तक्रार. माझं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच, गडचिरोलीच्या रस्त्यावर. म्हटलं, त्यात काय, दांडा लांब करू. केला. इतका लांब की बाईला दारात उभं राहून भाजी परतावी लागली आणि मांडणीवरचे दोन गडवे खाली आले. आठ दिवस मी त्या दांड्यावरून बोलणी खाल्ली, मग कापून पहिल्यासारखा केला.

त्यातच सूरजागडच्या खाणीत कामाला असलेला एक तरणा इंजिनियर तापलेली मोटारसायकल घेऊन आला. इंजिनाच्या अंगावर पातळ पात्या असतात, त्यांत चिखल भरला होता. मी तो खरवडून काढला आणि विचारलं, एवढ्या पात्या कशाला लागतात? त्यानं सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर हिशेब मांडला. आकडे मला कळले नाहीत, मी चौथीतच शाळा सोडली. पण बोलणं कळलं. गरम लोखंडाचं जितकं जास्त अंग वाऱ्याला द्याल, तितकी उष्णता लवकर उतरते. नुसता दांडा वाढवत गेलात तर एका जागेपुढे ते फुकटचं वजन. मी सराट्याचं विचारलं. तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, दांड्यावर वायसर, म्हणजे मधे भोक असलेल्या लोखंडी चकत्या, जोडा, उष्णता अर्ध्या वाटेतच उतरेल. खात्री करायची तर मेण लावा आणि कुठपर्यंत वितळते ते मोजा.

तर पहिल्यांदा उघडा दांडा मोजायचा होता. पातं निखाऱ्यात ठेवलं. मेण चमकत चमकत वर सरकू लागलं, आणि ही बाई लग्नाची वरात पाहावी तशी मान लांब करून पाहत होती. मेण थांबलं. झाडूची काडी तिथपर्यंत लावून तोडली आणि काडीवर बोटं मांडून मोजली. माझी नऊ भरली. तिनं मोजली, तिची बारा.

झालं. मी म्हणालो, तुला मोजता येत नाही. ती म्हणाली, चौथीच्या शाळेत नऊच्या पुढे शिकवलंच नसेल. अर्धा तास भांडलो. मग तिनं माझा पंजा ओढून स्वतःच्या पंजाला लावला. माझी तीन बोटं म्हणजे तिची चार. दोघंही बरोबर! इतकं हसलो की तिला उचकी लागली, मला खोकला. पदरानं डोळे पुसत तिनं निकाल दिला.

"चटका कोणाले बसते? मंग बोटही त्याचंच धरा."

मी दुकानात जाऊन दांड्यावर वायसर ओवले, एकेकाला टाका मारला. तिनं सराटा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"अवो, तुमी तं याले बांगड्या भरल्या. माह्या हातात दोन, अन् याले वीस."

आता मेण कुठपर्यंत वितळेल, यावर पैज लागली. हरेल त्यानं चार माणसांत म्हणायचं, मी हरलो. कागद अर्धं सांगत होता, म्हणून मी ठोकून दिलं, साडेचार बोटं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, सहा. तोवर निखारे विझले होते. म्हणाली, उद्या सकाळी पाहू.

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

बाया जमल्या. तिच्या आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर चढलं. सवाष्ण गेली म्हणून तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरू लागल्या. त्या किणकिणल्या आणि मला एकदम हसू फुटलं. पदरामागे ती काय लपवत होती ते तेव्हा कळलं. मोजायचं ठरलं होतं तिच्या बोटानं, आणि मी माझ्याच नऊ बोटांचं अर्धं केलं होतं! तिच्या बारांचं अर्धं सहा. म्हाताऱ्याला फसताना पाहून ती गप्प राहिली होती.

मी झाडूची काडी आणली. तिची चार बोटं काडीवर मांडली, त्यापुढे आणखी दोन, आणि तिथं तोडली. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. सराट्याच्या दांड्यावर मेण लावलं आणि पातं आंघोळीच्या पाण्याखालच्या निखाऱ्यात सरकवलं. मेण बांगड्यांमधून वर चढलं आणि थांबलं. काडी लावली. बरोबर बसली, केसाचाही फरक नाही. त्याच्या पुढं दांडा धरून पाहिला. चटका नाही.

सराटा हातात घेऊनच मी बाहेर आलो. चार कशाला, अख्खं गाव बसलं होतं. मी म्हटलं, "मी हरलो."

शेजारचा म्हातारा उठून माझा हात धरून रडायला लागला. त्याला वाटलं तसं वाटू दिलं. मला अजून हसूच येत होतं.