मैमूनाचा पहिला गुलाब

आमच्या कन्नौजात बायका अत्तर बनवत नाहीत. फुलं निवडतात, आणि पुरुषांच्या हातून काय बिघडलं ते त्यांना मागाहून ऐकवतात. माझी धाकटी जाऊ मैमूना हिनं हा रिवाज मोडला. तिला कुणी शिकवलं नाही. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर इद्रीस, अत्तराच्या मोठ्या कारखान्यात देगेवर, फुलं उकळायच्या हंड्यावर, होता. तो घरी आला की ही त्याला खोदून खोदून विचारायची. मग अंगणात जुनी तांब्याची देग मांडली, दोन हंगाम महागामोलाचं चंदनतेल मातीत घातलं, आणि तिसऱ्या हंगामात मला म्हणते, "भाभी, यंदा शिशीवर माझं नाव."

"आधी शिशीत काही येऊ दे, बाई!" मी म्हटलं. इद्रीस मात्र हसला नाही. कारखान्यातून दमून यायचा आणि हिच्या देगेचं तोंड माती-कापसानं लिंपून द्यायचा.

यंदा गुलाब चांगला उतरत होता. रोज पहाटे ताजी फुलं देगेत, खाली मंद आग, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या सुरईत, तिथल्या चंदनतेलात. तेल हंगामभर तेच. म्हणून तर आगीपासून हलायचं नसतं. एका दिवसाची चूक सगळ्या तेलात उतरते.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी इद्रीस गेला. छातीचं दुखणं जुनंच होतं. मी फर्रुखाबादला माहेरी होते. धावत आले तर मयताला आंघोळ घालणं चाललेलं, आणि दारात आमच्या सासऱ्यांची बहीण, फुफी, येईल त्याला सांगत होती, "पोराचा जीव जात होता आणि ही देगेपाशी! मी आत आले तेव्हा चुलीतली लाकडं ओढत होती, माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. अत्तर प्यारं, नवरा नाही."

मैमूना ऐकत होती. रडली नाही. मला दोघींचाही संताप आला. तिला कोपऱ्यात ओढून म्हटलं, "अगं, तोंडात मूग धरलेस का? खरं असेल तर खरं म्हण, खोटं असेल तर थोबाड फोड तिचं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाभी, पाहुण्यांच्या डाळीत मीठ पडलंय का?"

एवढंच. मी जाऊन डाळ चाखली.

मग इद्दत सुरू झाली, विधवेच्या शोकाचे चार महिने दहा दिवस. साधे कपडे, घराबाहेर पाऊल नाही, अंगाला अत्तर नाही. तिचं गुलाबाचं तेल चामड्याच्या कुप्पीत भरून गच्चीवर उन्हात ठेवलेलं होतं, आतला ओलावा उडून जायला. ती वेळेवर उठायची, जेवायची, कुप्पी फिरवायची. मुलीसारखी जपायची म्हणावं तर तेही नाही. भांडी घासावीत तशी फिरवायची.

लखनौच्या वासिफ मियाँनी तिला शब्द दिला होता, माल चांगला उतरला तर आपल्या अत्तराच्या दुकानात तिच्या नावानं ठेवू. त्यांचा निरोप आला, येतो आहे. आता अत्तर कातडीवर लावल्याशिवाय कळत नाही, आणि हिला तर लावायची बंदी.

"भाभी, हात द्या तुमचा."

"माझ्या हाताला लसणाचा वास येतो."

"राखेनं धुऊन या."

तिनं काडीनं थेंब लावला, हात चोळला, थोडं थांबून लांबूनच हुंगला. चेहऱ्यावर काही नाही. माझं नाक जन्माचं कामचुकार, मला गुलाबच आला. "झकास आहे की!" मी म्हटलं.

"मियाँना बघू दे," ती म्हणाली.

वासिफ मियाँ ओसरीवर बसले, मैमूना पडद्याआड. फुफी खाटेवर पहारा देत होतीच. मियाँनी कापसाचा बोळा भिजवला, मनगटाला लावला आणि डोळे मिटून हुंगलं.

"बेटी, गुलाब अस्सल आहे. कसम से, माझ्या एवढ्या वयात असा कमी पाहिला. पण खाली करपलंय. फुलं देगेच्या तळाला लागली."

"जी," पडद्यामागून आवाज आला. "उन्हानं उडेल वाटलं होतं. नाही उडालं."

"अगरबत्तीवाल्याला खपेल. नाव न लावता देऊ या."

"नाव न लावता नको."

"मग पुढच्या हंगामात बघू, बेटी." पण देगेचं तोंड लिंपून देणारा माणूस आता उरला नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मला तर रडू फुटलं. ती आत तशीच बसलेली.

मियाँ गेल्यावर फुफीनं तो बोळा उचलला. म्हातारीचा जन्म फुलांत गेलेला. एकदा हुंगला, दोनदा हुंगला.

"मैमूना, आग मोकाट कधी सुटली होती?"

फुफी खाटेवरून उठून पडद्याजवळ गेली.

"बोल ना गं. तू तर देगेपाशी होतीस ना?"

"तुम्ही आलात तेव्हा होते, फुफी. तोवर ते गेले होते." तिचा आवाज डाळ-मिठाचं विचारताना होता तसाच होता. "त्याआधी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंगणातून करपल्याचा वास येत होता. मला कळत होता. उठले नाही."