हंसांची वाघर

जाळीच्या कोपऱ्यात दोन पिल्लं चिरडून मेली होती. मी ती उचलून साहेबांच्या पुढं ठेवली.

“थोडा लॉस होतोच, आबा. आज पाखरं पकडायच्या परमिटचा शेवटचा दिवस. अजून एक राऊंड मारू.”

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, लडाखमधली. मी दौंडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, शाळा दुसरीपर्यंत. थंडीत आमच्या भीमेवर डोक्याला दोन काळे पट्टे असलेले हंस येतात. पाखरांचा अभ्यास करणाऱ्या साहेबांच्या कॅम्पवर ते पकडून द्यायचं काम माझं. पायात नंबराचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. पुढं ते कडं कुणाला दिसलं, तर पाखरू कुठून कुठं गेलं ते कळतं. याला रिंगिंग म्हणतात.

हे हंस उन्हाळ्यात लडाखच्या तळ्यांवर पिल्लं काढतात. तेव्हा त्यांच्या पंखांची पिसं झडतात, काही दिवस उडता येत नाही. अशा पाखराला हाकत जाळीत न्यावं लागतं, त्यासाठीच साहेबांनी मला तिकडं नेलं होतं. पण साहेबांची माणसं शिट्ट्या फुंकत मागं पळत होती. आणि कुंपण चौकोनी.

“जाळी गोल लावा,” मी म्हणालो.

“प्लॅन ठरलाय, आबा. तुम्ही फक्त खुंट्या ठोका.”

“मंग प्लॅनलाच ठोकू द्या. म्या न्हाई ठोकायचा.”

“परत पाठवीन हं!”

“धाडा की. चालत जाईन दौंडला. पन आजून एक पिल्लू माझ्या हातनं मरायचं न्हाई.”

माझ्याशिवाय नीट हाकता येणारं कुणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. “एकदाच. फसलं तर जबाबदारी तुमची.”

“व्हय, माझीच.”

मेंढरं बसवायला आम्ही वाघर लावतो, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. तिला कोपरा ठेवत नाहीत. कोपऱ्यात कळप एकावर एक चढतो, खालचं कोकरू गुदमरतं. तशीच गोल जाळी लावली, तोंड रुंद ठेवलं. सगळ्यांच्या शिट्ट्या काढून घेतल्या.

“कळप थांबला की आपन बी खाली बसायचं. त्यो चालला की उठायचं. बोलायचं न्हाई.”

साहेबसुद्धा चिखलात बसले. तासाभरानं एक थोराड हंस आत शिरला. त्याच्या मागं सगळे, पिल्लांसकट. दिवस मावळायच्या आत कडी घालून झाली. एकही पिल्लू दगावलं नाही.

साहेबांनी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यात ‘नवीन पद्धत’ असं होतं.

“त्यो ‘नवीन’ शब्द खोडून टाका,” मी म्हणालो. “माझ्या पणज्याची हाय ती.”

त्यांनी खोडलं. शिकलेल्या माणसाला समजतं सगळं. फक्त एकदा तोंडावर नाही म्हणावं लागतं.