नऊ दिवसांचा ब्लिस्टर पॅक

"परत एकदा," असं म्हणून तो मोजलेल्या गोळ्या पुन्हा ट्रेवर ओतायचा. पाच-पाच गोळ्या सपाट सुरीने सरकवत आकडा पुटपुटायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पहिल्यापासून मोजायला घ्यायचा. काउंटरपलीकडे एखाद्या सामोअन आजीबाई काठीवर रेलून उभ्या, त्यांच्यामागे रांग, रांगेत रडणारं मूल. याला त्याचं काही नाही. मी वैतागून म्हणायचे, "अरे, तीस म्हणजे तीसच ना? दुसऱ्यांदा मोजून एकतीस होणार आहेत का?"

मान न वळवता तो म्हणायचा, "ताई, झाल्या तर?"

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याचा रागही येतो आणि तो रजेवर गेला की आपला जीवही थाऱ्यावर नसतो.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या बाजारात मिठाईचं दुकान आणि साड्यांचं दुकान यांच्यामध्ये आमची फार्मसी. तो फार्मासिस्ट, मी टेक्निशियन. हुद्द्याने तो वरचा, वयाने मी. तो मिरजेचा, मी पुण्याची. पहिले सहा महिने आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत एकमेकांच्या चुका काढल्या. मग मी ‘अरे’वर आले आणि तो ‘ताई’वर. लग्न केलं नव्हतं त्याने. का, ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याचं खरं प्रेम होतं ते ब्लिस्टर पॅकवर. म्हाताऱ्या माणसांना सात-आठ प्रकारची औषधं असतात, कुठलं कधी घ्यायचं याचा गोंधळ होतो, म्हणून आम्ही आठवड्याच्या गोळ्या एका पुठ्ठ्यात भरून देतो. सात दिवसांच्या सात ओळी, आणि प्रत्येक ओळीत चार कप्पे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. कप्पा फोडायचा, गोळ्या तोंडात टाकायच्या, डोकं चालवायचं नाही. त्याला हे इतकं पटलेलं होतं की फ्रिजमधल्या स्वतःच्या डब्यावरही तो लेबल लावायचा. एकदा मी वाचलं, ‘दुपारी, जेवणाबरोबर.’

"जेवण जेवणाबरोबर?" मी विचारलं.

"दही आहे त्यात," तो गंभीरपणे म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कालव्यावर सायकलने हिंडून दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. उंच, ताठ, सदऱ्याच्या खिशाला पेन. एकदा दुकानात आले आणि मला विचारलं, "इथलं पाणी कुठून येतं हो?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नळाला येतं, काका."

"किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"अठरा."

"अठरा वर्षं पिताय की!" ते म्हणाले. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. दहा मिनिटांनी त्यांनी मला तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी पहिल्यांदा विचारावा तसा. आतल्या खोलीत गोळ्या मोजणाऱ्याचा हात थांबलेला मला दिसला.

त्या संध्याकाळी शटर ओढताना तो म्हणाला, "ताई, बाबांना विसरण्यावरची जी गोळी चालू आहे ना, ती मी इथे रोज देतो. त्या गोळीवरची माणसं दोन-तीन वर्षांनी कशी होतात ते मी बघितलंय. बाबांना आत्ता नेलं नाही तर पुढच्या वर्षी त्यांना कोण नेतंय तेसुद्धा कळायचं नाही."

"कुठे न्यायचंय?"

"युरोप."

तो लहान असताना म्हणे खात्यातले दोन साहेब कालवे बघायला हॉलंडला जाऊन आले होते. त्यांनी आणलेली रंगीत पोस्टकार्डं याच्या वडिलांनी मागून घेतली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. कपडे काढायला दार उघडलं की कालवे दिसायचे. वडील त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. पण याने तेव्हाच मनात धरलेलं, की बाबांना आपण दाखवायचं.

आता हॉलंड दाखवायचं तर हॉलंड दाखवावं की नाही? पण नाही. मे महिन्यात आईवडील परत जाताना तिकडून जायचं, तर नऊ दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, सगळं बसवायचं. व्हिसाचे कागद त्याने तीनदा तपासले. मग एके दिवशी रिकाम्या ब्लिस्टर पॅकचा पुठ्ठा घेतला, त्याला खाली आणखी दोन ओळी आखल्या आणि कप्प्याकप्प्यात बारीक अक्षरात शहरं भरली. सकाळ: मनोरा. दुपार: संग्रहालय. संध्याकाळ: नदीतली बोट. ‘झोपताना’च्या कप्प्यात हॉटेलचं नाव.

"अरे, ही ट्रिप आहे की अँटिबायोटिकचा कोर्स?" मी म्हटलं.

"कोर्स पूर्ण करावा लागतो, ताई."

आईवडिलांच्या गळ्यात अडकवायला त्याने नाव, हॉटेल आणि फोन नंबराची कार्डं केली. वडिलांची नजर अधू, गर्दीत आपण सापडावं म्हणून एक भडक नारिंगी छत्री घेतली. ती उघडून, डोक्यावर उंच धरून त्याने दुकानात मला चालून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की हा अगदी टूर कंपनीचा माणूस दिसतोय.

दहा दिवसांनी तो परत आला आणि सोमवारी सकाळी नऊला कामावर हजर. मी विचारलं, "कशी झाली?"

"झाली."

त्या दिवशी त्याने गोळ्या एकदाच मोजल्या. दुसऱ्यांदा मी मोजल्या.

गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघं आत पॅक भरत बसलो होतो. तो आपणहून बोलायला लागला. आवाज अगदी सपाट, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा. हातही थांबला नाही.

पॅरिसचा पहिला दिवस ठीक गेला. दमणूक झाली, पण ठीक. छत्री वर धरून तो पुढे, आईवडील मागे. कुठल्या राजाने काय बांधलं ते पाठ करून आला होता, ते मोठ्याने सांगत होता. वडिलांना कुठे थांबून गटाराच्या जाळीतून वाकून बघायचं असलं, तर हा म्हणायचा, "बाबा, चला, दुपारचं राहील." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीच्या दारावर टकटक केली. वडिलांनी दार उघडलं. आंघोळ झालेली, सदरा, खिशाला पेन. याच्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. तुम्हीच काल होता ना? फार छान समजावून सांगता तुम्ही."

याला वाटलं, बाबा थट्टा करतायत. तो म्हणाला, "बाबा, मी आहे."

"आमचा मुलगा न्यूझीलंडला असतो," वडील म्हणाले. "त्याला सवड नसते. त्यानेच तुमची व्यवस्था केलीय."

आईने मान खाली घातली. याने त्यांच्या गळ्यातलं कार्ड दाखवलं, फोनमधले फोटो दाखवले, लहानपणचं नाव सांगितलं. वडील गोंधळले, मग चिडले. चष्मा शोधायला लागले, तो डोळ्यांवरच होता. "आम्हाला कुठे जायचं नाही," असं म्हणून पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. अर्धा तास गेला. आई हळूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग हा खाली गेला, रिसेप्शनसमोर पाच मिनिटं नुसता उभा राहिला, आणि छत्री घेऊन पुन्हा वर आला.

"चला काका," तो दारातून म्हणाला, "निघू या ना?"

वडील लगेच उठले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेलो." त्याने एक कप्पा भरला, दुसरा भरला. "जिन्यात आई मला म्हणाली, बापाला काका म्हणतोस? मी म्हटलं, आई, बाबा म्हटलं तर ते येत नाहीत."

बाकीच्या दिवसांत तो गाइडच राहिला. पण एक झालं. गाइडला काका जे म्हणतील ते ऐकावं लागतं. काकांना राजवाड्यात रस नव्हता, पुलाखाली पाणी कुठल्या बाजूला जातं त्यात होता. तेव्हा याने प्राग गाळलं, व्हिएन्ना गाळलं, पुठ्ठा हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. ॲमस्टरडॅममध्येच सहा दिवस राहिले. रोज सकाळी एका कालव्याच्या काठावर बाकावर बसायचं आणि दरवाजे उघडताना-मिटताना बघायचं. वडील त्याला समजावून सांगायचे, उतार किती ठेवतात, गाळ कुठे बसतो, पाणी एकदम सोडलं तर काठ कसे फुटतात. मुलाला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मुलानेही कधी विचारलं नव्हतं. वडील इतके खुशीत होते म्हणे, की आई एका संध्याकाळी रडली आणि म्हणाली, "आता कसा हळू चालतोस रे! आधी का नाही चाललास?"

मी फोटो मागितले. भरपूर होते. कालवा आणि दोघं, दरवाजा आणि दोघं, बाक आणि दोघं. सगळ्या फोटोंत दोघंच.

"तू कुठे आहेस?"

"फोटो गाइड काढतो, ताई."

परतीच्या विमानतळावरून आईवडील मुंबईला, हा ऑकलंडला. व्हीलचेअर घेऊन आलेल्या बाईने घाई केली. वडिलांनी पिशवीतून मिरजेहून आणलेल्या भडंगाचा शेवटचा पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, "तुम्ही कधी न्यूझीलंडला गेलात तर आमच्या मुलाला एवढं द्याल का? त्याला आवडतं. आणि त्याला सांगा, तुझ्यामुळे आम्हाला सगळं बघायला मिळालं."

"तू काय म्हणालास?"

"देतो म्हटलं."

त्याने पॅकवर चिकटपट्टीचा कागद बसवला, अंगठ्याने दाबला आणि माझ्याकडे तपासायला सरकवला. मी तपासला. सही केली. तुम्हाला वाटेल, मी रडले असेन, त्याच्या खांद्यावर हात ठेवला असेल. काही नाही. दाताच्या इंजेक्शननंतर गालाला हात लावला तर गाल आपला वाटत नाही ना, तसं मला आतून झालं होतं. आणि ते काही त्या दिवशीचं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा सगळ्या सीमा बंद होत्या. त्यांना नेताना मी फोनवर बघितलं, चार्जर लावून, कारण बॅटरी पुरेना. दुसऱ्या दिवशी कामावर आले. गिऱ्हाइकांना ‘किया ओरा’ म्हटलं, इथला नमस्कार. त्यानंतर मला कशाचं फारसं काही वाटेनासं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचं होतं.

त्याचंही तसंच चाललं होतं. तो यायचा, मोजायचा, जायचा. पुढे दोन महिन्यांनी त्याने नोटीस दिली. मालक म्हणाले, पगार वाढवतो. तो म्हणाला, तसं नाही. मी म्हटलं, "अरे, इथलं एवढं रजिस्ट्रेशन, घर, सगळं सोडून मिरजेत काय करणार?"

"बाबांजवळ राहणार."

"ते ओळखत नाहीत तुला," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण आम्ही पुण्याची माणसं, तोंडातून निघून जातं.

त्याला राग आला नाही. "मी ओळखतो ना," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्याला केक आणला. मिठाईवाल्याने पेढे पाठवले. त्याने सगळ्यांचे हात हातात घेतले, ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला आणि स्टेशनकडे चालत गेला. आता नवीन पोरगी आलीय, तिच्याकडे गोळ्या मोजायचं यंत्र आहे. रांग झरझर सरकते. सगळे खूश आहेत.

मागच्या रविवारी दुपारी मी त्याला फोन लावला. तिकडे सकाळ. बराच वेळ वाजला आणि मग भलताच आवाज आला, "हॅलो, कोण?"

वडील होते. मी म्हटलं, "काका, मी न्यूझीलंडहून बोलतेय."

"न्यूझीलंडहून!" आवाज एकदम उजळला. "मग आमच्या मुलाला ओळखत असाल. औषधांच्या दुकानात असतो तो."

"ओळखते की. माझ्याबरोबरच असतो."

"बरा आहे ना?"

"बरा आहे."

"जेवतो का वेळेवर?"

"हो, काका. डब्यात दहीसुद्धा असतं."

ते हसले. मग म्हणाले, "हल्ली त्याचा फोन नाही. कामात असेल. त्याला म्हणावं, आम्हाला काही नको. कुठे न्यायला नको, काही दाखवायला नको. एकदा ये आणि नुसता इथे शेजारी बस, म्हणावं. एवढं सांगाल का?"

कितीतरी वर्षांनी डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. "सांगते," एवढंच मला म्हणता आलं.

आणि तेवढ्यात त्याचा आवाज आला, लांबून नाही, अगदी त्यांच्या शेजारून.

"काका, चहा निवतोय. घ्या."