मामांची मूठ

मामा गेल्याची बातमी मुंबईहून फोनवर आली. पूर्णगडचे तांडेल, मासेमारीची होडी चालवणारे; वय त्रेपन्न. दोन वर्षं ते डायलिसिसवर होते. रत्नागिरीत नंबर लागत नव्हता. म्हणून मामा-मामी परळला नातेवाइकांच्या खोलीत राहत आणि आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल गाठत.

यंदा शिमग्याची पालखी दारी येईल तेव्हा घरी असायचं, एवढंच मामांचं मागणं होतं. त्यासाठी डायलिसिसची एक खेप चुकवावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, आधी अंगात थकवा किती आहे ते मोजू. मी कामानिमित्त मुंबईत होतो, सोबत गेलो. मुठीत धरून दाबायचं एक यंत्र होतं. जोर लावला की काटा सरके. मामा आदला अख्खा दिवस पडून होते, बळ साठवत, हे मला नंतर कळलं. त्यांनी असं दाबलं की शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "तांडेल, मशीन मोडणार काय?" मामा हसले. "वल्हं मारलेला हात हाय ह्यो, दाक्तर."

डॉक्टरांनी पुन्हा दाबायला सांगितलं. मग पुन्हा... मध्ये थांबू न देता. काटा दर वेळी थोडा अलीकडेच थांबू लागला. शेवटी हललाच नाही.

"घामानं हात सरकतोय," मामा म्हणाले.

तेव्हा मामी बोलली. "आंघोळीचं पाणी मी ओतते, डॉक्टर. ह्यांना तांब्या उचलवत नाय."

"गप गो!"

खाटांवरची माणसं दुसरीकडे बघू लागली. मामीनं मान खाली घातली. परवानगी मिळाली नाही. परतताना मामा आमच्या पुढे चालत होते. वाटेत दोनदा थांबले आणि दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहिले. आम्हीही वाचल्या... तिकडे गावी पालखी आली आणि पुढच्या घरी गेली.

मागच्या आठवड्यात पूर्णगडला गेलो. मामांचे कपडे मामीनं परत आणले होते. खुंटीवरचा सदरा मी घडी घालायला काढला. काजं शिवून बंद केलेली, त्यांवर बटणं पक्की टाकलेली; आतल्या बाजूला टिचबटणं.

"हे कधी केलंस?"

"शिमगा झाल्यावर. त्यांनीच सांगितलं. वरची बटणं तशीच दिसू दे म्हणाले." मामीनं सदरा माझ्या हातातून घेतला. "मागाहून टिचबटणंही दाबवेनात. मग मीच लावून द्यायची... आधी दाराला कडी घालून."