चारशे मालकांचा घोडा

सोमवार, २ सप्टेंबर २०१९. घोडा एक, मालक चारशे.

या चारशेंपैकी एक किनुए मिझुओची. जपानमधल्या सांजो गावात, लोहारकामाच्या गल्लीमागे तिचे धुलाई-इस्त्रीचे दुकान आहे. वय छप्पन्न. सकाळी वाफेचे यंत्र तापेपर्यंत ती फोनवर, शर्यतीच्या घोड्याचे चारशे वाटे करून विकणाऱ्या क्लबचे पान उघडून पाहत असे, आणि दोन वर्षे त्या पानाने तिची बहुधा निराशाच केली होती. हानागुमोरी नावाच्या त्या तांबड्या घोड्याला कोणत्या शर्यतीत उतरवायचे, त्याच्यावर कोण बसणार, त्याला खच्ची करायचे की नाही, यांतले काहीही मालकांना विचारले जात नसे. त्याच्या घशाचा आजार तिला तो बरा झाल्यावर कळला. दरमहा खुराकाचा वाटा मात्र न चुकता कापला जाई.

"या खेपेला तुझा कोणता भाग हरला?" नवरा एइकिची जेवताना विचारी. "शेपूट का?"

"तुमच्या वाट्याला तर तेही नाही. गप्प जेवा."

"अगं, मी अख्खं मांजर फुकट पाळतो. तू घोड्याचा चारशेवा तुकडा विकत पाळतेस!"

गावात त्याच घोड्याचे आणखी एक मालक होते : टपाल खात्यातून निवृत्त झालेले कोबारीसान. घोडा जिंकला, तर चिठ्ठीत नाव निघालेल्या मालकांना त्याच्या शेजारी फोटोला उभे राहता येते. त्यासाठी शिवलेला निळा सूट ते प्रत्येक शर्यतीआधी किनुएकडे इस्त्रीला आणत. फोटोचा प्रसंग कधी आलाच नाही.

तीन वर्षांच्या ज्या घोड्याने उन्हाळा संपेपर्यंत एकही शर्यत जिंकलेली नसते, त्याला पुढे जागा नसते. रविवारी शेवटची संधी होती. हानागुमोरी सहावा आला. सोमवारी पानावर दोन ओळी झळकल्या. नोंदणी रद्द, यापुढे रपेटीचा घोडा. कोणा सभासदास तो स्वतःकडे न्यायचा असल्यास गुरुवारी दुपारपर्यंत कळवावे.

'रपेटीचा घोडा' या शब्दांचा अर्थ सर्व सभासद जाणतात. काही घोडे खरोखरच घोडेस्वारीच्या शाळेत जातात. बाकीचे फक्त त्या शब्दांत जातात; त्यांना व्यापारी नेतो, बहुधा खाटकाकडे, आणि पुढे त्यांचा माग लागत नाही. किनुएलाही हे ठाऊक होते. एकटीने घोडा सांभाळायचा, तर दुकानाची निम्मी कमाई गेली असती. चौघे-पाचजण मिळून जमण्यासारखे होते. पण क्लब सभासदांना एकमेकांची नावे कळू देत नाही. कोबारीसान तिला माहीत होते. त्यांना विचारावे, हे तिला सुचले नाही. मंगळवारी तिने क्लबला फोन केला. निशिवाकी नावाचा तरुण कारकून बोलला.

"हानागुमोरीबद्दल विचारायचं होतं."

"आपण नेणार आहात का त्याला?"

"छे, मी कशी नेणार! सहज विचारलं. दुसऱ्या कोणी चौकशी केली का?"

"नावं सांगता येत नाहीत. पण फोन बरेच आलेत."

"बरेच?"

"हो ना, कालपासून सुरूच आहेत."

त्या एका 'बरेच'ने तिचे ओझे उतरले. त्या दिवशी तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. तिने लबाडी केली, असे म्हणता येणार नाही. इतके लोक विचारतात, त्या अर्थी कोणीतरी नेईल, हा तर्कही गैर नव्हता. त्या 'कोणीतरी'मध्ये तिने स्वतःला धरले नव्हते, एवढेच.

शनिवारी कोबारीसान शर्यतीनंतर धुलाईला टाकलेला सूट न्यायला आले.

"आता ह्याचं काय करू सांगा. मयतीला काळा लागतो, आणि लग्नाला आता मला कोण बोलावतंय!"

"दुसऱ्या घोड्यात वाटा घ्या की."

"घेईन, घेईन. बाकी आपल्या घोड्याचं भलं झालं असणार. मी फोन केला होता. बरेच जण विचारतायत, म्हणाला तो पोरगा."

किनुएने इस्त्री उभी केली. "तुम्ही नेमकं काय विचारलंत त्याला?"

"काय विचारणार? दुसऱ्या कोणी चौकशी केली का, म्हटलं. तुम्ही म्हणाला असतात ना, की चला, निम्मं मी घालते, तर मी..." ते थांबले. "मिझुओचीसान, तुम्हीही?"

"मंगळवारी."

तिने सूट घडी करून त्यांच्या हाती दिला.

सोमवारी तिने पुन्हा फोन लावला. गुरुवारच्या दुपारपर्यंत एकानेही घोडा मागितला नव्हता. शुक्रवारी सकाळी घोड्यांचा व्यापारी त्याला घेऊन गेला.

"कोणत्या गावी?"

"ती माहिती आमच्याकडे येत नाही." मग निशिवाकी अडखळत म्हणाला, "फोन खरंच बरेच आले होते हो. मी खोटं नव्हतो बोललो."

"माहीत आहे मला," किनुए म्हणाली.

आपल्याकडे दोषाचा चारशेवा हिस्साच येतो, असे ती स्वतःला सांगून पाहते. ते पटत नाही. एकाचा होकार पुरेसा होता, आणि होकाराचा चारशेवा हिस्सा देता येत नाही. एइकिचीने थट्टा सोडून दिली आहे, तेच तिला अधिक लागते.

महिनाअखेरीस क्लबचा शेवटचा हिशेब आला. तिच्या नावावर बाकी नाही. हानागुमोरीच्या ६ सप्टेंबरपासूनच्या, त्याला नेले त्या शुक्रवारपासूनच्या, वैरणीचे पैसे चारशे मालकांपैकी कोणीही भरलेले नाहीत.